ळची शेपटी

"लांबून बघू दे, बे," म्हणत पेंटरचाचा उलट्या पावलांनी रस्ता ओलांडायचे. पाटीवरचं शेवटचं अक्षर अजून ओलं असायचं. मोटारसायकलवाले शिव्या घालायचे, एखादा रिक्षावाला करकचून ब्रेक दाबायचा. चाचा पलीकडे उभे राहून एक डोळा मिटायचे, मग परत येऊन कुठलीशी रेघ केसभर जाड करायचे. ती कमी पडतेय हे तुमच्या-माझ्या कधी लक्षातही आलं नसतं.

धारूरच्या बाजारातून तुम्ही गेला असाल तर त्यांची अक्षरं तुम्ही वाचलीच आहेत. लाँड्री, बँडपथक, सायकलचं दुकान. त्यांचा 'ळ' लगेच ओळखू यायचा. तरुणपणी शिडीवरून पडून अंगठ्याशेजारचं बोट मोडलं, ते पुन्हा वाकलंच नाही. त्यामुळं ळची शेपटी खाली वळायच्या ऐवजी वर उडी मारायची.

माझं फ्लेक्सचं दुकान. ते निघालं आणि चाचांचं काम आटलं. तरी रोज चहाला यायचे ते माझ्याकडंच. स्क्रीनकडं बघून म्हणायचे, "तुझी अक्षरं लई शिस्तीची बे. हजेरीला उभी केल्यागत."

पुढचं कुणाला सांगितलेलं नाही. आता लिहूनच टाकतो.

मध्यंतरी वारं फिरलं. शहरातल्या गिऱ्हाइकांना कॉम्प्युटरची गुळगुळीत अक्षरं नकोशी झाली. हातानं रंगवल्यासारखं पाहिजे, जुन्या दुकानाच्या पाटीसारखं, थोडा रंग उडालेलं. पुण्याच्या एका रबडीवाल्यानं ब्रँडचं काम दिलं, तेव्हा मी मोबाइल घेऊन गावभर चाचांच्या पाट्यांचे फोटो काढले. चाचा स्वतः बरोबर फिरले.

"कावून काढतो रे?"

"आठवण म्हणून, चाचा."

त्यांनी शर्टाच्या बाहीनं एकेका पाटीवरची धूळ पुसून दिली.

डब्यावर 'सीताफळ रबडी' झळकलं. पुण्याची माणसं त्या उडत्या ळवर खूश. "हीच आपली ओळख," म्हणाली. अक्षरं कुणाची, असं विचारलं तेव्हा मी म्हणालो, माझी.

मग धास्ती सुरू झाली. नमुन्याचे डबे मी काउंटरखाली ढकलले होते. चाचांची चप्पल वाजली की पायानं आणखी आत सारायचो. एक दिवस तोच डबा आमच्या स्टँडवर विकायला आला, आणि चाचा तो हातात घेऊनच दुकानात शिरले.

त्यांनी चष्मा लावला. ळवरून ते ताठ बोट फिरवलं.

"ह्याचं बी बोट मोडलंय का रे?"

"काय म्हाईत, चाचा."

"माझं बोट वाकत न्हाई म्हणून शेपटी वर जाती. ह्याला काय धाड भरली?"

ते हसले. मीही हसलो.

पुढं त्यांना एका गोकुळ रसवंतीची पाटी मिळाली. बऱ्याच महिन्यांनी काम आलं होतं, म्हणून मी बघायला गेलतो. मालकानं त्यांच्या पाठीवर थाप मारली, "वा चाचा! डब्यावरचा ळ सेम टू सेम उचलला की!"

चाचा माझ्याकडं वळले. तोंड उघडायचं होतं ते मी तेव्हाच. मी मोबाइलमध्ये बघत राहिलो.

"लांबून बघू दे," ते हळूच म्हणाले. रस्ता ओलांडून गेले, आणि परत न येता तसेच घराकडं चालू लागले. चहाला पुन्हा आले नाहीत.

पावसाळा सरता सरता ते वारले. मय्यतीनंतर त्यांच्या मुलानं माझ्या हातात वर्तमानपत्रांचा गठ्ठा दिला. "अब्बा शेवटी शेवटी एवढंच लिवायचे. म्हणायचे, लोकं म्हणतेत पेंटरनं डब्यावरून चोरलं, शेपटी खाली आणाया पायजे."

छापील मजकुरावर काळ्या रंगात नुसते ळ. पानापानांवर.

ती पानं मी दुकानाच्या शटरला एकेक करून चिकटवतो आणि रस्ता ओलांडून लांबून बघतो. शेवटच्या पानावरही शेपटी वरच गेली आहे.