साबणाचा हात

ते प्रकरण मी अजून विसरलेले नाही. गुन्ह्यांच्या नोंदवहीत त्याला क्रमांकच नाही, त्यामुळे ठाण्यात ते आज कुणाला आठवत नसेल. मी सात वर्षांतच पोलीस सेवा सोडली. त्या काळात आरोपी पकडले, न्यायालयात साक्षी दिल्या. पण डोळ्यांसमोर येतो तो नांदेडच्या ठाण्यातला एक बाक आणि त्यावर चार दिवस बसलेला एक माणूस.

तक्रारदार चाकूरकडचे बागायतदार होते. वडिलांची जुनी अँबेसेडर त्यांनी मुलीच्या लग्नासाठी नव्यासारखी करून घेतली होती. नवरा-नवरी त्याच गाडीतून निघणार होती. दारांच्या काचा बसवायला गाडी नांदेडच्या एका जुन्या कारागिराकडे आणली आणि मग लातूरला नेऊन दारांना आतून नवं रेक्झिन लावून घेतलं. आता वडिलांची सोन्याची अंगठी सापडत नव्हती. लग्नात ती जावयाच्या बोटात घालायची होती.

"मला ती ढिली व्हायची, म्हणून आतून दोरा गुंडाळला होता," ते म्हणाले. "कामाला हात लावायच्या आधी मी ती काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतो. त्या दिवशीबी ठेवली. लातूरवाल्यांनी दारं उघडून बाहेरूनच काम केलं; गाडीत बसून काम करणारा तो म्हातारा एकटाच होता."

वरिष्ठांनी अर्ज चौकशीसाठी माझ्याकडे दिला. मी कारागिराला बोलावून घेतलं. सत्तरीला आलेले गृहस्थ. बाजारात सगळे त्यांना चाचा म्हणत. ते धुतलेला सदरा घालून आले आणि बसा म्हणेपर्यंत उभे राहिले.

"म्याडम, दाराची काच वरून तिरकी आत सोडावी लागते," त्यांनी हातानं दाखवलं. "खालच्या पट्टीत रबर असतंय, त्यात सरकावी म्हणून साबणाचं पाणी लावतो. वरून धरायला दुसरा माणूस लागतो. त्या दिवशी मालकच धरून होते. साबणाचा हात, ढिली अंगठी. आत पडली असंल. दार खोलून बघा."

"पडल्याचा आवाज नाही आला?"

"आत तळाला जाड लोकरीचा नमदा लावलेला हाय. आवाज कुठून येतो?"

मी सगळं लिहून घेतलं आणि त्यांच्यासमोरच तक्रारदारांना फोन केला.

"न्हाई जमायचं म्याडम," ते म्हणाले. "रेक्झिन कालच लावलंय. उचकटलं की क्लिपा तुटत्यात, कापड फाटतं. लग्न पाच दिवसांवर आलंय. तुम्ही म्हाताऱ्याला विचारा, दाराला कशाला विचारता?"

मी त्यांना ठामपणे सांगायला हवं होतं की दार आजच उघडेल. मी "बरं" म्हणाले. मोठ्या आवाजात बोलणाऱ्या माणसापुढे माझं तोंड लवकर उघडत नसे. फोन ठेवला तेव्हा चाचा माझ्याकडेच बघत होते.

मग जे करायची पद्धत होती ते मी केलं. रोज सकाळी दहाला हजेरी, संध्याकाळपर्यंत बाकावर. बाक ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर होता. चारित्र्य पडताळणीला येणारी पोरं, मोबाइल हरवल्याची नोंद करायला येणारी माणसं, सगळ्यांना तो आधी दिसायचा. त्यांतले निम्मे चाचांना ओळखत. पहिल्या दिवशी लोकांनी सलाम केला. तिसऱ्या दिवशी काहींनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आमचे हवालदार मला म्हणाले, "म्याडम, तुम्ही 'प्लीज' म्हणून चौकशी करून राहिल्या. असं कोण कबूल होतंय?"

"कबूल व्हायला काही असलं तर पाहिजे ना," मी म्हणाले.

"मग घरी सोडा की त्यांना."

मी त्यांना सोडलं नाही. तक्रारदारांचे फोन वरिष्ठांना जात होते आणि चौकशी चालू आहे हे दिसणं गरजेचं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या संमतीने दुकानाची पाहणी केली. संमती म्हणजे त्यांनी शटर वर केलं. पंच शेजारचेच घेतले, चहावाला आणि शिंपी. फळीवर बिस्किटांचा एक जुना डबा होता. त्यात केसांची पिन, किल्ली, लहान मुलाची शिट्टी, तुटकं कानातलं. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने गाडीच्या नंबरची चिठ्ठी बांधलेली.

"दारात सापडलेलं हाय," चाचा म्हणाले. "मालक परत आला की देतो. ड्रायव्हरला देत न्हाई."

तो डबा पाहिल्यावर माझी खात्री पटली. तरीही चौथ्या दिवशी मी त्यांना बोलावलं.

लग्न दुसरी अंगठी घालून पार पडलं. दुसऱ्या दिवशी मी चाचांना घेऊन चाकूरला गेले. मांडव अजून उतरवला नव्हता. त्यांनी हँडल काढलं, पातळ पट्टी सरकवत एकेक क्लिप सोडवली. एकही तुटली नाही. रेक्झिनला सुरकुती पडली नाही. मग कोपरापर्यंत हात आत घातला आणि अंगठी माझ्या तळहातावर ठेवली. आतला दोरा वाळलेल्या साबणाने पांढरा आणि ताठ झाला होता.

तक्रारदार खाली बसले. "माझ्याच हातातून गेली की हो, चाचा," ते म्हणाले आणि आतून लाडवांचं ताट मागवलं. चाचांनी आधी दार पूर्ववत केलं, काच एकदा खाली-वर करून बघितली आणि मग हात धुतले. लाडू घेतला नाही.

परतल्यावर ते ठाण्यात आले. "म्याडम, मी चोर न्हाई असा एक कागद द्या. दुकानात लावतो."

हवालदारांनी समजावलं, "चाचा, गुन्हाच दाखल नव्हता. नाव कुठं लिहिलंच न्हाई, तर काय लिहून द्यायचं?"

"बाकावर बसवलं तवा कागद लागला न्हाई का?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. मी अर्जावर 'निकाली' असा शेरा मारला आणि फाइल बंद केली.

सेवा सोडल्यावर एकदा त्या दुकानावरून गेले. चाचा एका गाडीची समोरची काच पुसत होते. ओळखलं, बसायला स्टूल दिलं. मी म्हटलं, माझ्या वडिलांच्या गाडीच्या दाराची काच बसवायची आहे.

"आता दारं खोलत न्हाई," ते म्हणाले. "लोक बाजूला उभे राहून हाताकडं बघत बसतात. समोरची काच असंल तर आणा. ती बाहेरून बसते."

फळीवर डबा नव्हता.

संशयित कोण हे ठरवण्याआधी सगळ्यात सोपी जागा तपासावी, हे या प्रकरणाने मला शिकवलं. मला ते पहिल्याच दिवशी माहीत होतं. एका अनोळखी माणसाचं रेक्झिन जपायला मी चाचांची चाळीस वर्षांची अब्रू बाकावर बसवली. त्यांना हवा होता तो कागद मी आज लिहिते आहे. पण अशा आठवणींत कुणाचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून इथेही ते लिहिता येत नाही.