सड्यावरचं जोतं

कोकणातल्या एका सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या, उतारावर मी पाहुण्यांसाठी घर आखत होते. ते दुरून दिसूच नये, उतारात मिसळून जावं, अशी मालकांची इच्छा होती. म्हणून महिनाभर तिथलं ऊन, वारा, पाण्याचे ओघळ बघितले आणि मगच नकाशा काढला.

पाया खणताना दीड हातावर जांभ्या दगडाचं जुनं जोतं लागलं. गवंडी दत्तारामकाकांनी माती झाडून टेप लावली आणि ते माझ्याकडे बघतच राहिले. लांबी-रुंदी माझ्या नकाशातलीच होती. दारही तिथेच, आणि चुलीची जागासुद्धा.

"बाई, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"नाही हो. कोण राहायचं इथे?"

"माझ्या आज्यानेही इथे कधी घर बघितलं नाही."

मी नकाशा जोत्यावर पसरून पुन्हा ताडून बघितला. जागा मी निवडली, असं मला वाटत होतं. निसर्गात मिसळणं म्हणजे शेवटी हेच का? इथे राहून गेलेल्या माणसांचं डोंगराने नावसुद्धा ठेवलं नव्हतं.

"जागा बदलूया?" काकांनी विचारलं.

"नको. याच जोत्यावर बांधू."

काकांनी चपला काढल्या. नसलेल्या दारापाशी उभं राहून ते हळूच म्हणाले, "आत येऊ का?"

आणि आम्ही दोघंही उत्तराची वाट बघत थांबलो.