बाहेरूनच बघ

मे २००८, सकाळची वेळ. महाड, हायवेलगतचं माझं गॅरेज. हजर: ट्रकचे मालक शेठ, त्यांचा कापडे गावचा ड्रायव्हर बाबू, शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातले सलीमभाई, आणि मी, मिस्त्री.

माझा एक पाय केबिनच्या पायरीवर होता. शेठ मागून ओरडले, "ए, उतर खाली! आत देव हाय."

मी उतरलो.

हे पहिल्यांदा नव्हतं, म्हणून मागचं आधी सांगतो. मी बौद्धवाडीतला. शेठना ते ठाऊक. त्यांच्या सगळ्या गाड्या माझ्याकडे यायच्या आणि प्रत्येक गाडीत काचेमागे हार घातलेली तसबीर. नियम एकच: इंजिनाला हात लाव, सीटला नको. बाबूची सुकटीची पिशवी त्या तसबिरीखाली लोळायची. तिचा वास देवाला चालायचा. चौदा एप्रिलला आमच्या वाडीच्या बॅनरवर शुभेच्छुक म्हणून शेठचा फोटो असायचा. तोही चालायचा. आम्हालाही.

जुन्या गाड्यांत हे निभत होतं. पायडलला पाय न लावता इंजिन ज्या चालीवर चालतं ती आयडलिंग. ती बिघडली की इंजिनाच्या पंपावरचा स्क्रू फिरवायचा. मी बाहेर, बाबू आत. "रेस दे. सोड. परत दे." कानानं काम व्हायचं.

मग कॉम्प्युटरवर चालणारी इंजिनं आली. स्क्रू गेला. आता रेसचं पायडल कॉम्प्युटरला खबर देतं आणि डिझेल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. तपासणीचं सॉकेट स्टिअरिंगखाली. म्हणजे केबिनच्या आत. मी काय केलं? लांब वायर बनवली. बाबू ती आत सॉकेटला लावायचा, खिडकीतून बाहेर सोडायचा, आणि मी उन्हात उभा राहून हातातल्या तपासणीच्या मशीनवरचे आकडे वाचायचो.

त्या दिवशी तक्रार अशी, की इंजिन उभ्या जागी वरखाली करतं. घुर्र करून उसळतं, मग मरायला टेकतं, परत उसळतं. फिल्टर बघितला, साफ. डिझेलच्या लाइनीत हवा नाही. इंजेक्टर ठीक. मशीन लावलं, तर बाबूचा पाय बाजूला असतानाही पायडलचा आकडा शून्यावर थांबेना. उड्या मारत होता. दुखणं पायडलमध्ये, नाहीतर त्याच्या जोडणीत. हात लावल्याशिवाय कळणार नव्हतं.

"बाबू, पायडलच्या मागे जोड आहे, तो हलव."

"ही काळी वायर का, मिस्त्री?"

"काळ्या सगळ्याच आहेत. मागची."

"मागं लई हायत हो. मी ड्रायव्हर, वायरमन नाय."

म्हणून मी पायरीवर पाय ठेवला. आणि उतरवला गेलो.

शेठचा आवाज लगेच मऊ झाला. "तसं आम्ही काय मानत नाय रे. सवय हाय आपली. बाहेरूनच बघ ना."

सलीमभाईंनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला. "जुने हकीम पडद्यातल्या बेगमची नाडी अशीच बघायचे, भाई. तिच्या मनगटाला दोरी बांधून, स्वतः बाहेर बसून. तुझं तेच चाललंय."

बाबू हसला. शेठही हसले. मी हातातल्या वायरीकडे बघितलं. ही दोरी मला कुणी दिली नव्हती. मीच वळली होती.

मी वायर हातातून सोडली.

"बाबू, वायर काढ."

"काय झालं?" शेठ म्हणाले. "सापडलं ना दुखणं?"

"सापडलं. पायडलपाशी आहे. मी सीटवर बसून काढणार. नाहीतर गाडी न्या."

"इतकी वर्षं चाललं की तुला."

"चाललं नाही, शेठ. चालवून घेतलं."

"माज आला काय रे? माझ्या गाड्यांवर गॅरेज उभं हाय तुझं."

खोटं नव्हतं ते. निम्मी कामं त्यांची होती. तरी मी मशीन बंद केलं. बाबूनं गाडी तशीच बाहेर काढली, उसळत, गचके खात. दुपारी मी गॅरेजच्या दर्शनी भिंतीवर रंगानं लिहिलं: गाडी तपासताना मिस्त्री सीटवर बसेल. काहींनी वाचून गाडी वळवली. काही आत आले.

पावसाळ्यात बाबू चहाच्या टपरीवर भेटला. म्हणाला, "शेठच्या गाड्या आता पोलादपूरला जातात. तुमच्या विजूकडं."

विजू माझा मामेभाऊ. काम मीच शिकवलं त्याला.

"तो बसतो आत?"

"नाय हो. खाली उभा ऱ्हातो. तुमच्यावानीच."

तुमच्यावानीच. शेठच्या ओरडण्यानं लागलं नव्हतं एवढं ते लागलं.

विजूची अडचण मला पाठ आहे. गॅरेज नवं, घरात खाणारी तोंडं. हीच कारणं मी स्वतःला देत आलो. पण महाड ते पोलादपूर या इंजिनांचं काम करणारे आम्ही दोघंच. एकानं नाही म्हटलं, तर शेठला दुसरा सापडतो. दोघांनी म्हटलं, तर शेठला केबिनचं दार उघडावं लागेल. देव आत असताना.

हे विजूला फोनवर सांगायचं नाही. त्याच्या गॅरेजात जाऊन, शेठची गाडी उभी असताना, शेठच्या तोंडावर सांगायचं. मग भाऊ तुटला तरी चालेल.

पोलादपूरला जायचं अजून राहिलं आहे.