सर्वांत उंच कलमं

सूक्ष्मदर्शकाखाली मुळाच्या पेशींत बुरशीचे धागे शिरलेले दिसत होते, पण त्यांची झुडपं झाली नव्हती. मी दुसरी स्लाइड लावली. तेच.

ही अमडापूरच्या गजाननकाकांच्या नर्सरीतली संत्र्याची कलमं. पानं पिवळी पडतात, अशी त्यांची तक्रार होती. आमची कंपनी त्यांना बुरशीची पावडर विकते. ही बुरशी उपकारी असते. मुळांच्या पेशींत ती बारीक झुडपासारखी पसरते, झाडाला मातीतलं स्फुरद देते आणि बदल्यात साखर घेते. तिला किती आत येऊ द्यायचं हे झाडाचे हार्मोन्स ठरवतात. जिबरेलिन हे उंची वाढवणारं हार्मोन. ते जास्त झालं की मुळात झुडपं तयार होत नाहीत आणि देवघेव थांबते.

मी नर्सरीत गेले. कलमं माझ्या खांद्याला लागत होती. मुळं मुठीत मावली.

"काका, आणखी काय फवारता?"

"तुमचंच टॉनिक. पावडरीसंग किटमधी येते ना! गिऱ्हाईक उंची पाह्यते म्याडम, मुळं कोन पाह्यते?"

बाटलीवर बारीक अक्षरात जिबरेलिक अॅसिड होतं. मी बाहेर येऊन कंपनीतल्या माझ्या सरांना फोन केला.

"पाणी कमी पडलं असं लिही," ते म्हणाले. "किट अख्ख्या जिल्ह्यात गेलंय."

"सर, पाण्याचा संबंध नाही."

"तू लॅब बघ. सेल्स आम्ही बघतो."

मराठी माझी मातृभाषा नाही, बोलण्याआधी वाक्य मनात जुळवावं लागतं. ते जुळवून आत गेले.

"काका, चूक आमच्या टॉनिकची आहे. ही कलमं उन्हाळा काढणार नाहीत. विकू नका."

ते बांधावर बसले.

"उंच उंच तं आधीच देली. इवायाले."

इवाई म्हणजे लेकीचे सासरे, नांदुऱ्याकडचे.

"पह्यल्यांदाच काही मांगतलं त्याइनं. मानाची म्हून एकेक निवडून काढली."

"आत्ता फोन करा. लावली नसतील अजून."

"काय सांगू? लेकीच्या घरी खराब माल धाडला म्हनून?"

त्यांनी फोन केला नाही. त्यांच्या लेकीचा प्रश्न होता, मी पुढे बोलले नाही.

रिपोर्ट मी खरा पाठवला. सरांकडून वर पोचला तेव्हा त्यात कारण म्हणून कमी पाणी लिहिलेलं होतं. उन्हाळ्यात इवायांची बाग वाळली. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी येतात. काकांची आली नाही.

किट अजून विकलं जातं. मी आता कुठल्याही नर्सरीत गेले की मुळं नंतर बघते. आधी विचारते, सर्वांत उंच कलमं कोणाला दिली?