अनसेल्मोच्या मानेवरची गाठ

सिएनफुएगोस शहरात भर ऑगस्टात गळ्याला रुमाल बांधून फिरणारा माणूस एकच, सायकलवरून पाव विकणारा अनसेल्मो. वय अडुसष्ट. त्याची आरोळी तीन गल्ल्यांपलीकडे ऐकू जायची. हल्ली मात्र आवाज इतका घोगरा झाला होता की गिऱ्हाइकांना वाटे, पाववाला बदलला.

रुमालाचं विचारलं की तो म्हणे, "फॅशन आहे."

जन्मभर दोनच पँटी वापरलेल्या नवऱ्याच्या तोंडी हा शब्द ऐकून ओनेलियाची खात्री पटली: कुणीतरी बाई आहे आणि रुमालाखाली तिच्या दातांचे वळ आहेत. एका दुपारी जेवता जेवता तिने सरळ रुमाल ओढला. जबड्याखाली लिंबाएवढी गाठ.

"बाई कुठाय?"

"कुठली बाई?"

ओनेलियाला हायसं वाटलं, पण क्षणभरच. नवऱ्याचं बखोट धरून ती गल्लीतल्या दवाखान्यात पोचली. डॉक्टर यामिला लहानपणापासून त्याचाच पाव खात आलेली.

"काका, किती दिवस झाले?"

"दोनेक आठवडे."

"ईस्टरपासून रुमाल आहे, चार महिने झाले," ओनेलिया म्हणाली.

"दुखते?"

"छे. म्हणून तर मी निर्धास्त होतो."

"म्हणूनच मी नाहीये." यामिलाने गाठ बोटांनी हलवून पाहिली, ती हलेना. "दुखत नाही, टणक आहे, आवाज बसलाय, त्यात तुमचं वय आणि सिगार. उद्याच मोठ्या हॉस्पिटलात जायचं."

तिथे नाकातून बारीक नळी घालून घसा पाहिला, गाठीत सुई घातली. "ही बैलांची सुई तर नाही ना?" अनसेल्मोने विचारलं. नर्स हसली, तो हसला नाही. कॅन्सर निघाला, घशातला. पण मानेपलीकडे पसरला नव्हता.

सात आठवडे किरणं घेतली. गाठ विरली, पण जिभेची चवही गेली. त्याच काळात मेहुणी निएवेस काळ्या घेवड्याचं कालवण घेऊन आली. तिचं कालवण घरात कुणी तोंडात धरत नसे. अनसेल्मोने तीन वाट्या संपवल्या. निएवेसच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून ती रोज डबा आणू लागली.

पाच महिन्यांनी चव परतली.

"गाठ गेली, पोरी," तपासणीला आल्यावर तो यामिलाला म्हणाला, "पण ते कालवण कसं थांबवू?"

"काका, हे आम्हाला शिकवलेलं नाही," ती म्हणाली आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.