आबांनी भरलेल्या चौकटी

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, शाळेतले निवृत्त कारकून. आजोबा मेंढरं राखायचे, आणि त्या मेंढरांच्या रंगांना, शिंगांना, चालीला असलेली नावं आबांनी वहीत उतरवून ठेवली होती. त्याचं पुस्तक करायचं ठरलं. पुण्यात माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर मी पानांची मांडणी केली. मग गावी, भूमला, त्यांच्या विंडोजच्या कम्प्युटरवर तीच फाईल टाकून दिली. सांगितलं, नवा शब्द आठवला की घाला, हे बटण दाबा, पानं छापून येतील.

पानं आली, पण अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी. माझ्याकडचा मराठी फॉन्ट त्यांच्याकडे नव्हताच. इलाज साधा होता. आपण कुठल्या सिस्टीमवर चालतोय, हे फाईललाच ओळखायला लावायचं. तिला सांगायचं, लिनक्सवर हमखास असणारी एक फाईल इथे सापडते का बघ. सापडली तर हा फॉन्ट घे, नाही तर तो. चार ओळींचं काम.

"बाई, चौकटी लई आल्यात गं," आबा फोनवर म्हणाले.

"माहितीय मला, आबा. तुम्ही शब्द घालत राहा, मी रविवारी बघते."

असे किती रविवार गेले, सांगायची लाज वाटते. ऑफिसात परक्यांच्या फायली मी त्याच दिवशी दुरुस्त करून द्यायचे. घरचं काम कुठं पळून जातंय!

आबाच गेले. सकाळी, चहाचा कप हातात असताना.

तेराव्यानंतर कपाट आवरताना छापलेल्या पानांचा गठ्ठा सापडला. प्रत्येक चौकटीत निळ्या पेनानं एकेक अक्षर. जन्मभर गावाचे फॉर्म भरून दिलेला माणूस. त्यांना वाटलं, लेकीनं चौकटी मुद्दामच ठेवल्यात. जोडाक्षर मावलं नाही तिथं बारीक करून कोंबलेलं. शेवटच्या पानाखाली लिहिलं होतं, 'हात कापतोय, अक्षर वाईट आलंय. चालंल का?'

मी तिथंच हंबरडा फोडला. मग त्यांच्या खुर्चीत बसून त्या चार ओळी लिहिल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत. बटण दाबलं. फाईलनं विंडोज ओळखलं, पानं स्वच्छ छापून आली, एकही चौकट नाही.

आईनं ती हातात घेतली, सावकाश उलटून पाहिली.

"लई छान झालंय," ती म्हणाली. "पर त्यांचं अक्षर कुठंय यात?"