शटरचा भरवसा

शेवटचं भेटले तेव्हा दत्तूभाऊ पडेगावच्या घरात खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसले होते आणि कॅमेरा माझ्या मांडीवर होता. उन्हाळा नुकता सुरू झाला होता. दौलताबादच्या बाजूच्या दोन विहिरी बघून परत येताना मी त्यांच्याकडे वळले होते. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, शांतावहिनींनी चहा ठेवला आणि मध्येच ते म्हणाले, "काढा की बाई एक फोटो. दाढी आजच केलीय." मी कॅमेरा उचलला, डोळ्याला लावला, खिडकीतला उजेड त्यांच्या डाव्या गालावर छान पडलाय हेही पाहिलं... आणि खाली ठेवला. म्हटलं, "राहू द्या भाऊ, शटरचा काही भरवसा नाही. अजून अकरा विहिरी राहिल्यात. तुम्ही बरे व्हा, मग दुकानात एखाद्या चांगल्या कॅमेऱ्यावर काढू." ते हसले. "त्याला काय धाड भरलीय?" म्हणाले. पुढं आणखी काही सांगणार होते, पण खोकल्याची उबळ आली, वहिनी पाणी घेऊन धावल्या, आणि खोकला थांबेपर्यंत विषय निघून गेला. नऊ दिवसांनी मी शाळेत भूगोलाचे पेपर तपासत बसले असताना वहिनींच्या भाच्याचा फोन आला. भाऊ गेले.

मोबाइल होता की पर्समध्ये, त्यावर काढायचा, असं कुणीही म्हणेल. पण दत्तूभाऊंसमोर मोबाइलनं फोटो काढणं म्हणजे आचाऱ्याच्या घरी जाऊन बाहेरून डबा मागवण्यासारखं होतं. औरंगपुऱ्यात एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतील एवढंच. तिथं ते जुने कॅमेरे दुरुस्त करायचे, विकायचे. आधी रिळांचे, नंतर डिजिटल. मूळ लासूर स्टेशनजवळचे. थोरले भाऊ शेती बघायचे, हे शिकायला म्हणून शहरात आले ते इथलेच झाले. पुढच्या काचेच्या कपाटात पट्ट्यांचा आणि लेन्सांचा पसारा असायचा. मागची भिंत मात्र चुन्यानं पांढरी केलेली आणि साफ मोकळी. त्या भिंतीवर त्यांनी कधी कॅलेंडर लावू दिलं नाही, देवाचा फोटोसुद्धा नाही. एकदा शेजारच्या कुणीतरी हौसेनं खिळा ठोकला, तर भाऊंनी दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला होता.

कारण ती भिंत त्यांचं यंत्र होती. कॅमेऱ्याच्या पोटात एक बारीक पडदा असतो, त्याला शटर म्हणतात. फोटो काढला की तो उघडतो आणि मिटतो. आपल्याला जो खटका ऐकू येतो तो त्याचाच. लाखभर वेळा उघडमीट झाली की पडदा थकतो, कधी अडकतो, कधी मिटतच नाही. जुना कॅमेरा विकायला आला की भाऊ आधी तो कानाशी धरून एक खटका ऐकायचे. मग त्या पांढऱ्या भिंतीचे एकापाठोपाठ एक पाच फोटो काढायचे, शटर जास्तीत जास्त वेगात ठेवून. फोटोच्या कडेला काळपट पट्टी दिसली की म्हणायचे, "पडदा थकायलाय." तेवढा वेळ दुकानात कुणी बोलायचं नाही असा शिरस्ता होता. माझ्यासारखी वर्गात दिवसभर बोलणारी बाईसुद्धा तिथं गप्प बसायला शिकली.

मी पहिल्यांदा गेले ती एक स्वस्तातला कॅमेरा हवा म्हणून. पंचक्रोशीतल्या तेरा विहिरी निवडून दर उन्हाळ्यात त्यांचा त्याच जागेवरून फोटो काढायचा, असं खूळ डोक्यात होतं. मुलांना पाण्याची पातळी पुस्तकातल्या आकृतीत कळत नाही. दाखवली तर कळेल, एवढाच विचार. भाऊंनी मला एक काळा, कोपरे घासलेला कॅमेरा दिला आणि लपवाछपवी न करता सांगितलं, "लग्नाच्या मांडवातला गडी हाय, बाई. लई पळालाय. याच्या पोटात आकडा असतो, नव्वद हजाराच्या वर गेलाय. आता किती जगंल ते त्याचं नशीब. जपून वापरा." शहरातल्या सगळ्या शिक्षिका मॅडम झाल्या, पण त्यांच्या तोंडी मी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत बाईच राहिले.

मी तो सल्ला असा काही मनावर घेतला की घरचे थट्टा करायला लागले. एका विहिरीला एकच फोटो. आधी कठड्याभोवती फिरायचं, उजेड कुठून येतो ते बघायचं, पाण्याला सावली कधी शिवते याची वाट बघायची आणि मग श्वास रोखून एक खटका. लग्नकार्यात कुणी म्हणालं, आमचा काढ ना, तर मी कॅमेरा घरी राहिला म्हणून सांगायची. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. एक बादली कशी पुरवायची ते अंगवळणी पडलेलं होतं, तसंच हे. वर्षाला तेरा फोटो, अगदी फार झाले तर वीस. भाऊंना दाखवायला नेले की ते चष्मा कपाळावर सरकवून एकेक फोटो कितीतरी वेळ बघत बसायचे. कौतुक म्हणून नाहीच. एखाद्या वेळी फक्त म्हणायचे, "इथं थांबला होतात तुम्ही." ते एवढं म्हणाले की मला आठवडाभर पुरायचं.

मग दुष्काळाची वर्षं आली. एकामागून एक विहिरींचे तळ दिसायला लागले. एका उन्हाळ्यात तर तेरापैकी नऊ विहिरींत मी नुसत्या भेगा टिपल्या, आणि दहाव्या विहिरीत टँकरचा पाइप सोडलेला होता. दुसरीकडून शहर फुगत चाललं होतं. पडेगावची माझी चौथ्या नंबरची विहीर बुजवून तिथं इमारत उभी राहिली. मी अजूनही दर वर्षी त्याच जागेवर उभी राहून तिथल्या पार्किंगचा फोटो काढते. वॉचमन विचारतो, "मॅडम, गाडी शोधायलात का?" हे भाऊंना सांगितलं तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले होते, आणि मग म्हणाले, "त्या इहिरीत मी पवलोय, बाई. आमचं तिथलं घर बांधलं तवा पुरुषभर पाणी व्हतं."

त्याच एका दुष्काळी उन्हाळ्यात कॅमेऱ्यात धूळ गेली म्हणून मी तो भाऊंकडे साफ करायला टाकला. त्यांनी आठ दिवस ठेवून घेतला. आणायला गेले, चालतो का बघायला एकदा बटन दाबलं, तर खटका वेगळा वाटला. हलका, कोरडा. "आवाज बदललाय का हो?" मी विचारलं. भाऊ दुसऱ्या कॅमेऱ्याचे स्क्रू वाटीत टाकत होते. मान वर न करता म्हणाले, "धूळ गेली ना." मला ते पटलं. मला काय कळत होतं त्यातलं?

न कळायला कारण नव्हतं, हे आता कळतं. त्यांची रीत मला पाठ होती. कुठल्याही कॅमेऱ्याचं मोठं काम केलं की ते कागदाचा बोटाएवढा तुकडा घ्यायचे, त्यावर काय केलं ते बारीक अक्षरात लिहायचे आणि कॅमेरा हातात धरतो तिथल्या रबराखाली चिकटवून टाकायचे. गिऱ्हाइकाला अवाक्षर नाही. मी एकदा विचारलं होतं, "अहो, त्या माणसाला सांगा तरी." तर म्हणाले, "त्याला सांगून काय व्हणार? पुढं जो कारागीर उघडील त्याला कळलं म्हंजे झालं." आणखी एकदा एक गिऱ्हाईक कॅमेऱ्यातला आकडा दाखवून हुज्जत घालत होतं, की शटर बदललं म्हणता आणि आकडा तर जुनाच आहे. भाऊ शांतपणे म्हणाले, "गाडीचं इंजिन बदललं म्हणून किलोमीटरचा काटा शून्यावर येतो व्हय?" मी तिथंच स्टुलावर बसून चहा पीत होते. वर्गात मुलांना मी रोज म्हणते, ऐकलेलं आणि वाचलेलं जोडून बघा...

भाऊ गेल्यावर महिन्याभरानं, उन्हानं माझ्या कॅमेऱ्याचं रबर सुटलं. दुकान बंद आहे हे माहीत असूनही माझे पाय औरंगपुऱ्याकडेच वळले. शेजारी रशीदभाई घड्याळं दुरुस्त करतात. भाऊंचं आणि त्यांचं तीस वर्षं चहात भागीदारी असलेलं नातं. मी म्हटलं, रबर तेवढं चिकटवून द्या. त्यांनी चिमट्यानं रबर उचललं आणि थांबले. "ये तो भाऊ की चिठ्ठी है," म्हणाले. मी भिंगातून वाचलं. 'शटर कोरे टाकले.' खाली त्या दुष्काळातल्या उन्हाळ्याची तारीख, आणि 'द'.

"मेरे सामनेइच डाला था," रशीदभाई म्हणाले. "एक कॅमेरा गिर के फूटा हुआ आया था, उसका शटर बिलकुल कोरा. भाऊ बोले, ये बाई के काम आयेगा. आपको नईं बोले क्या?"

नाही. मला नाही बोलले. इतकी वर्षं मी ज्याला मरायला टेकलेला समजून जपत होते तो कॅमेरा धडधाकट होता. आणि ज्यांनी तो धडधाकट केला त्यांनी एक फोटो मागितला, तर मी विहिरींसाठी तो राखून ठेवला होता.

तशीच पडेगावला गेले. वहिनी ओसरीवर गहू निवडत होत्या. चिठ्ठी पुढं केली, तर त्यांनी ती हातातही घेतली नाही. त्यांना माहीत होतं. "मी म्हणलं व्हतं, सांगून टाका त्यान्ला," त्या म्हणाल्या. "तर म्हणले, सांगू की सावकाश. ती बाई एका फोटूपायी तासभर इहिरीकडं बघत उभी राहती. शटर नवं हाय म्हणलं की धडाधड काढत सुटंल, बघायची नाय." मला भाऊंचा राग आला. असा राग, की ते समोर असते तर कडाकडा भांडले असते, आणि त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ऐकून घेतलं असतं. मी वहिनींना विचारलं, मग शेवटपर्यंत सांगितलंच नाही? त्या सूप हलवायच्या थांबल्या. "तुम्ही त्या दिशी गेलात नं, तवा म्हणले... आज सांगणार व्हतो बघ. खोकल्यानं घात केला. पुढच्या टायमाला आल्या की पयला फोटू माझा काढून घेतो, म्हणले."

माझ्याकडे त्यांचा एकही फोटो नाही. वहिनींकडे लग्नातला एक आहे, त्यात मुंडावळ्यांमागं चेहरा दिसत नाही, आणि भाच्याच्या मोबाइलवर एक आहे त्यात ते पाठमोरे जेवतायत. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो डाव्या बाजूचा उजेड मला डोळे मिटले की दिसतो, आणि रोज थोडा थोडा कमी दिसतो. याची मला फार भीती वाटते.

गेल्या रविवारी दुकान रिकामं करायला मी वहिनींबरोबर गेले होते. कपाट आधीच उचललं होतं. राहिलं होतं ते स्टूल आणि ती भिंत. वहिनी बाहेर रशीदभाईंकडे टेकल्या होत्या. मी कॅमेरा काढला, त्यांच्यासारखा आधी कानाशी धरून एक खटका ऐकला, आणि शटर जास्तीत जास्त वेगात ठेवून भिंतीचे पाच फोटो काढले. पाहिले. कडेला कुठंही पट्टी नव्हती. सहावा काढला. मग स्टूल घेतलं, ते बसायचे ती जागा घेतली, कपाळावर चष्मा सरकला की डोकं जिथं टेकायचं तिथला भिंतीवरचा तेलकट डाग घेतला. बाहेरून रशीदभाईंनी विचारलं, "कितने निकालते, मॅडम?" मी काढतच राहिले. खटका हलका, कोरडा, अगदी वेळेवर पडत होता. त्याला काहीसुद्धा धाड भरली नव्हती.